बंद पडलेला सॉलिड-स्टेट सेल एक्सआरडीखाली कसा तपासावा

सॉलिड-स्टेट सेल म्हणजे द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइट असलेली बॅटरी. एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण विवर्तन: नमुन्यातून क्ष-किरण कोणत्या कोनात किती वळतात त्याचा आलेख (पॅटर्न) मिळतो, त्यातले उंचवटे म्हणजे पीक. सेल उघडण्याआधी व्होल्टेजचा आलेख पाहा. चार्ज होता होता व्होल्टेज एकदम कोसळला असेल तर लिथियमचा तंतू आरपार गेलाय असं समजा. तिथे एक्सआरडी फारशी कामाची नाही. लिथियमच्या अणूत इलेक्ट्रॉन जेमतेम 3, तंतू पॅटर्नमध्ये दिसतच नाही. त्याला टोमोग्राफी (आतली त्रिमितीय प्रतिमा) हवी. रोध हळूहळू चढत गेला असेल, तर मात्र इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइटच्या सांध्यावर इलेक्ट्रोलाइटचं विघटन झाल्याची शक्यता मोठी. पुढची कृती त्यासाठी: इलेक्ट्रोलाइट आर्जिरोडाइट सल्फाइड (लिथियम, फॉस्फरस, गंधक आणि क्लोरीनचं स्फटिकी संयुग), एकीकडे लिथियम, दुसरीकडे निकेल-मँगनीज-कोबाल्ट कॅथोड, क्ष-किरणांची ट्यूब तांब्याची (तरंगलांबी 1.5406 अँगस्ट्रॉम).

सेल आर्गॉनच्या ग्लोव्ह बॉक्समध्येच उघडा; पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही 1 पीपीएमच्या खाली. सोलापूरची हवा कोरडी म्हणून ढिलाई नको, सप्टेंबरच्या पावसात तर मुळीच नको. ओलावा लागला की सल्फाइडमधून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. वायू विषारी, शिवाय नमुना वाया.

लिथियमलगतचा थर, मधला भाग आणि कॅथोडकडचा भाग वेगवेगळे खरवडा. लिथियमचा पत्रा आधीच बाजूला काढा. बाकी भुकटी अगेटच्या खलात हलक्या हातानं घोटा. जोर लावला तर पीक रुंदावतात आणि खलाचा दोष सेलच्या माथी येतो. मग 0.3 मिमीच्या काचेच्या केशनळीत भरून तोंड आतच मेणानं बुजवा, बाहेर काढताच ज्योतीवर वितळवून बंद करा. मॉलिब्डेनमची ट्यूब असेल तर 0.7 मिमी चालते.

स्कॅन 10° ते 70°, पायरी 0.02°. रात्रभराचा एकच स्कॅन लावू नका. तासातासाचे तुकडे लावा, नंतर बेरीज करा. मध्येच लाईट गेली तरी आधीचे तुकडे हाती राहतात, आणि पहिला-शेवटचा तुकडा जुळला नाही तर नळी गळतेय हेही कळतं.

खरी गोम पीक ओळखण्यात आहे. न वापरलेल्या आर्जिरोडाइटचा पॅटर्न त्याच मांडणीत घेऊन शेजारी ठेवा, कारण विघटनातली पिकं त्याच्याच पिकांखाली दडतात. लिथियम क्लोराइडचं ठळक पीक 30.1° ला, तिथेच आर्जिरोडाइटचंही. म्हणून क्लोराइड 34.9° ला शोधा. लिथियम सल्फाइडचं 31.3° चं पीक आर्जिरोडाइटच्या 31.4° ला चिकटून, 27.0° चं मात्र मोकळं असतं, भिस्त त्यावर. सेल पाऊचमध्येच (ॲल्युमिनियमच्या थराची पिशवी) ठेवून मोजत असाल तर सल्फाइडच्या 44.8° च्या पिकाकडे पाहूच नका, ॲल्युमिनियमही 44.7° लाच येतं.

27.0° ला उंचवटा फक्त लिथियमलगतच्या थरात असेल आणि मधल्या भागात नसेल, तर निदान पक्कं. तिन्ही भागांत सारखाच असेल तर आधी मूळ भुकटीवर संशय घ्या. तयार करतानाच लिथियम सल्फाइड शिल्लक राहिलेलं असतं.

कॅथोडच्या भागात 18.7° चं पीक बघा, पण ते चार्जच्या पातळीप्रमाणे सरकतं. सगळे सेल एकाच व्होल्टेजला आणून उघडले नसतील तर ही तुलना सोडून द्या.

काहीच नवं पीक दिसलं नाही म्हणजे विघटन झालं नाही असं नव्हे. काही नॅनोमीटरचा किंवा अस्फटिकी थर प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या यंत्राला सापडत नाही. त्यासाठी इंदूरच्या इंडस-2 सारख्या सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) वेळ मागावी लागते.

उरलेली भुकटी बेसिनमध्ये टाकू नका; हवाबंद डब्यात, फ्यूम हूडखाली.