जुन्या बारा बोरच्या दस्त्याला नवं रबर बसवताना

कोल्हापूरकडच्या राधानगरी-गगनबावड्याच्या पट्ट्यात पीक राखणीसाठी घेतलेल्या जुन्या दुनळी बंदुका अजून काही घरांत आहेत. बऱ्याचशांच्या दस्त्याच्या टोकाचं, खांद्याला टेकणारं रबर (पॅड) एक तर दगड झालेलं असतं, नाहीतर कव्हरच्या कापडाला डांबरासारखं चिकटलेलं. ते बदलणं हे सुतारकाम आहे. चुकतं ते घाईत कापण्यात आणि घासण्यात.

बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा. नळ्या उतरवण्याआधी दोन मापं लिहून घ्या. पहिलं, पुढच्या चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत. इंग्लिश बनावटीत हे साधारण १४¼ ते १४½ इंच असतं. साडेपाच फुटांच्या माणसाला पावणेचौदा ते चौदा पुरतं. दुसरं माप हमखास विसरलं जातं. दस्ता फरशीवर सपाट टेकवा, नळ्यांच्या मुळाशी बंदूक भिंतीला लावा आणि नळीचं तोंड भिंतीपासून किती सुटतं ते मोजा. करवतीचा कोन चुकला की हे अंतर बदलतं आणि बार वर-खाली जायला लागतो.

जुनं रबर काढायला त्याच्यावर दोन बारीक चिरा शोधा. स्क्रू त्यांच्या तळाशी असतात. स्क्रू गंजून बसला असेल तर तेल सोडू नका, लाकूड ते पितं आणि मग पॉलिश धरत नाही. गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरा, गंजाची पकड सुटते.

एक इंची पॅडला तेवढंच लाकूड जायला हवं, नाहीतर दस्ता बगलेत अडकतो. आधीपासून तितकंच जाड रबर असेल तर कापायचा प्रश्नच नाही. दस्त्याच्या टोकाची मूळ शिंगाची पट्टी शाबूत असेल तर करवत लावूच नका. वरून चढवायचं कातडी पॅड वापरा. पुठ्ठ्याचा आकार कापून नेलात तर कोल्हापुरात पापाच्या तिकटीच्या चप्पल ओळीतला चांगला हातसुद्धा ते शिवून देऊ शकेल. कापायचंच असेल तर मास्किंग टेपचे दोन वेढे द्या, धारदार सुरीनं सगळीकडून रेघ खोल पाडा आणि बारीक दातांच्या करवतीनं कापा. खालच्या टोकाशी लाकडाचे धागे आखूड असतात, तिथंच ढलपी उडते.

कापलेली बाजू काचेवर चिकटवलेल्या १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट करा. हात डुलला की कडा गोल होतात आणि पॅडखाली फट दिसते. मधला भाग केसभर खोल राहिला तरी चालेल, कडा मात्र टेकल्या पाहिजेत. जुनी भोकं नव्या पॅडशी जुळत नसतील तर त्यांत सागवानी खुंट्या गोंद लावून ठोका, चोवीस तास थांबा, मग ८ नंबरच्या स्क्रूसाठी ३ मिलिमीटरचं भोक पाडा. उघड्या लाकडाला लाखेचे दोन पातळ हात द्या. इकडचा पाऊस बघता हे टाळून चालणार नाही.

नव्या पॅडला वरून चिरा नसतील तर मागून आरी घाला, रबर जिथं फुगेल तिथं पात्यानं पाच मिलिमीटरची चीर द्या. स्क्रूचं डोकं आणि स्क्रू ड्रायव्हर दोन्हींना ओला साबण चोळा. कोरडा स्क्रू चीर फाडतो, ती पुन्हा मिटत नाही.

आता पॅड दस्त्यावर घट्ट बसवा, दस्त्याला लागून सुईनं पॅडच्या तळावर बाह्यरेषा ओढा आणि पॅड पुन्हा काढा. जादा रबर बंदुकीवर घासायचं नाही. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदुकीचे भागही शस्त्रातच मोडतात आणि दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. दस्ता उचलून वर्कशॉपमध्ये ठेवून येणं म्हणजे नसती आफत. बंदूक घरात कुलपात राहू दे, फक्त रबर न्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) बनवणाऱ्याकडे कलतं टेबल असलेला डिस्क सँडर, म्हणजे फिरत्या तबकडीवर घासायचं यंत्र असतं. रेषेहून अरुंद ठोकळा पॅडच्या तळाला स्क्रूनं धरा, रेघ वर दिसेल असं पॅड टेबलावर ठेवा.

खरी मेख टेबलाच्या कलात आहे. दस्त्याची खालची रेषा मागे जाताना खाली उतरते, म्हणून पॅडचं खालचं टोक खांद्याकडच्या बाजूला जास्त बाहेर हवं. वरच्या टोकाला उलट, ते किंचित आत येतं. दोन्हीकडचे कोन घरीच बेव्हल गुण्यानं (हव्या त्या कोनात फिरणाऱ्या गुण्यानं) घेऊन ठेवा आणि आधी टाकाऊ लाकडावर घासून बघा. टेबल उलटं कललं तर पॅड कापल्यासारखा बुटका दिसतो आणि तो वाया जातो. ८० नंबरचा नवा पेपर आणि हलका दाब; झिजलेल्या पेपरवर रबर तापून लिबलिबतं. रेषेच्या अर्धा मिलिमीटर आधी थांबा.

उरलेलं घरी, दस्त्यावर टेपचे दोन थर लावून, लाकडी पट्टीवर गुंडाळलेल्या २२० आणि मग ३२० नंबरनं हातानं. वरचा कोपरा थोडा गोल करा, शर्टात अडकत नाही. रबराची काळी भुकटी दस्त्याच्या अक्रोडी लाकडाच्या रंध्रांत शिरली की निघत नाही. टेप फाटली की लगेच बदला. पॅड गोंदानं चिकटवू नका, पुढच्या वेळी लाकूड सोबत येईल.

पॅडमुळे खांद्याचा धक्का कमी होतो, नळीतला दाब नाही. ६५ मिलिमीटरच्या जुन्या चेंबरमध्ये (नळीच्या मुळाशी काडतूस बसतं त्या जागेत) ७० मिलिमीटरची काडतुसं तेव्हाही चालत नव्हती, आताही नाहीत.

हे काम दिवाळीनंतर काढा. आषाढात फुगलेल्या लाकडावर बेमालूम घासलेलं रबर एप्रिलमध्ये चहूबाजूंनी केसभर बाहेर दिसतं.