खणाच्या कापडावर शिवणीला चुण्या पडत असतील तर

आमच्या शहापुरातल्या बायकांनी यंदा ठरवलं, नवं कापड घ्यायचं नाही, कपाटातल्यातूनच शिवायचं. ओटीत आलेले कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण मी किती वर्षं जपून ठेवले होते! पन्हा (कापडाची रुंदी) लहान, म्हणून तुकडे जोडून बिनबाह्यांचं जाकीट बेतलं.

जोडाच्या टिपेवर बारीक चुण्या. इस्त्रीने जायच्या, थोड्या वेळाने परत यायच्या. टीप ताणली की शेजारचे रेशमी धागे सरकून फट दिसायची. मशीनच्या वरच्या दोऱ्याचा ताण सैल केला, रीळ बदललं, वाफेची इस्त्री फिरवली. जीव अगदी मेटाकुटीला आला.

जमलं ते असं. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, पूर्ण रिकामी केली आणि मोटर हळू चालवून पुन्हा भरली. चुण्यांचं मूळ इथंच होतं: पॉलिएस्टरचा दोरा वेगाने भरला की ताणून बसतो आणि शिवल्यावर आखडतो. मग १६ नंबरची जाड सुई काढून नवी, बारीक ११ नंबरची लावली. धागे सरकू नयेत म्हणून मलमलीची २ सेंटिमीटरची पट्टी उभ्या धाग्यात कापून उलट बाजूने जोडाच्या रेषेवर धावदोऱ्याने टाचली. टिपेबाहेरचं मार्जिन दीड सेंटिमीटर, टाका अडीच मिलिमीटर. आधी कात्रणावर टीप मारून बघितली, मगच खणावर. कापड ओढायचं नाही, नुसतं हाताखालून जाऊ द्यायचं. धावदोरा काढून आधी टिपेवरच इस्त्री दाबली, नंतर मार्जिन उघडून, वर सुती फडकं ठेवून.

मुंड्याच्या (बाहीच्या जागेच्या) गोलाईला मात्र पट्टी उरेब, म्हणजे तिरकी कापा, सरळ पट्टी तिथे वळत नाही.