नातवंडं येणार मेमध्ये, बी टाकायचं आत्तापासून

मेच्या पहिल्या आठवड्यात नातवंडं गावी येणार, हे आपल्याला संक्रांतीपासून ठाऊक असतं. तरी ती आली की परसात एक तर जून झालेली भेंडी, नाहीतर नुसती फुलं. कारण आपण पेरतो आपल्या सवडीनं. यंदा त्यांच्या येण्याच्या तारखेपासून मागे दिवस मोजा.

कलिंगडाला ८० ते ९० दिवस लागतात, म्हणून ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. घरापुरती चार-पाच आळी (वेलासाठी केलेले गोल खड्डे) पुरे. दोडका, दुधी फेब्रुवारीअखेर. काकडी आणि भेंडी ४५-५० दिवसांत चालू होतात, ती मार्चच्या मध्यावर. काकडीत हिमांगी आणि भेंडीत परभणी क्रांती मला बरी वाटते. भेंडीचं बी रात्रभर भिजवून टोका. मुळ्यात पुसा चेतकी उन्हाळा सोसतो. तो आणि माठ मात्र एकदम पेरू नका, आठ-आठ दिवसांनी एकेक वाफा करा. मुळा उपटायला पोरांना रोज हवा असतो, खायला नको असला तरी!

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात आमची मोटार जळाली आणि वेल सहा दिवस पाण्याविना राहिले. पुढं धाकट्या नातीनं काकडीचा घास घेतला नि थुंकून विचारलं, "आबा, ही औषधाची काकडी आहे का?" पाण्याचा ताण पडला की काकडी कडवटते. तेव्हापासून आळ्यात पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचा, चांगला थर देतो आणि पाणी सकाळी नाहीतर सांजेला. पण पाचटाखाली विंचू-किरडू बसतं. पोरांच्या पायात बूट हवेत, आणि पाचट हलवायचं ते काठीनं, हातानं नाही. दुधीची एक चकती आधी मोठ्या माणसानं जिभेला लावून बघावी. कडू लागला तर सबंध फेकून द्या. शिजवून त्यातलं विष जात नाही.

पोरं वेलावरचं तोडून तसंच तोंडात घालतात, धुवायला थांबत नाहीत. म्हणून एप्रिलच्या मध्यानंतर परसात रासायनिक फवारा नकोच. मावा-तुडतुड्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क करा: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून सकाळी गाळायची. फळमाशीला क्यूल्यूरचा (नर माशांना ओढणाऱ्या वासाचा) एखादा सापळा टांगा आणि किडकी फळं खोल पुरा. तांबडे भुंगेरे सकाळी सुस्त असतात, ते साबणाच्या पाण्यात वेचायचं काम पोरांकडे द्या. भेंडीची पानं पिवळ्या शिरांची दिसली तर ते झाड लगेच उपटा.

मधमाशा कमी दिसल्या तर काकडीचं नर फूल सकाळी तोडून मादी फुलात फिरवायचं. मादी फुलाच्या बुडाशी इवलीशी काकडी असते, ती पोरांना एकदा दाखवली की पुढं तीच शोधतात. दोडक्याची आणि दुधीची फुलं उमलतात संध्याकाळी, तेव्हा हा उद्योग दोन्ही वेळचा.

भेंडी एक दिवसाआड तोडा. शेंडा टचकन मोडला तर कोवळी, वाकला तर जून. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, तिची कूस, म्हणजे बारीक लव, खाजते.

परतीच्या दिवशी पिशवी भरताना भाजी धुऊ नका. पहाटे तोडून सावलीत पसरा. पालेभाजी ओल्या फडक्यात, बाकीची कापडी पिशवीत. प्लास्टिकात घातलेली भेंडी एसटीच्या उन्हात संध्याकाळपर्यंत चिकट होते. आणि सगळ्या मुलांच्या पिशव्या सारख्या भरा, सुना बघतात.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आळी करून वेल लावायची आपली रीत आहेच. त्या दिवसांत तांबड्या भोपळ्याचं बी पोरांच्याच हातानं टोकून घ्या. सुमारे चार महिन्यांनी गौरी-गणपतीच्या वेळी फळ तयार होतं. आळ्यापाशी काठी रोवून ज्याचं त्याचं नाव बांधून ठेवा, नाहीतर भोपळा कुणाचा यावरून आरतीच्या वेळी भांडणं होतात.