स्मरणिकेत झूलॉजी-बायोकेमिस्ट्रीवाल्या मुलांबद्दल नीट कसं लिहायचं

गणपती जवळ आले की बडोद्यात मंडळांच्या स्मरणिकांची गडबड सुरू होते आणि त्यात एक पान ठरलेलं असतं, "आपले गुणवंत". दहावी-बारावीवाल्यांचं सोपं आहे, टक्के टाकले की झालं. पण कुणाची मुलगी एमएस युनिव्हर्सिटीत झूलॉजी नाहीतर बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय आणि तिचा पेपर आलाय म्हटलं की पान लिहिणाऱ्याची पंचाईत होते, मग छापून येतं "कु. अमुक हिने आंतरराष्ट्रीय स्तरावर शोधनिबंध प्रसिद्ध करून समाजाचे नाव उज्ज्वल केले". अहो पण कशावर? सापडलं काय? तिच्या आजीलासुद्धा कळत नाही. तर हे पान ज्यांच्या गळ्यात पडतं त्यांच्यासाठी लिहितोय. विशेषणं सगळी काढा आणि काय सापडलं ते एका वाक्यात लिहा, बाकी सगळं त्याच्या मागनं येतं.

सुरुवात फोनने करा. सर्टिफिकेटचा फोटो मागू नका, पेपरची लिंक मागा. चांगल्या जर्नलच्या पेपरला बहुतेक वेळा डीओआय नंबर असतो, म्हणजे त्या पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, १० ने सुरू होतो, तो नेटवर टाकला की पेपर उघडतो. पूर्ण वाचायची गरज नाही, वर अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे सारांश असतो त्याची शेवटची दोन वाक्यं बघा आणि मग तिलाच विचारा: कुठल्या प्राण्यावर किंवा पेशीवर काम केलंस, नेमकं काय केलंस, काय दिसलं. ती "मॉलिक्युलर मेकॅनिझम" वगैरे म्हणायला लागली की थांबवा, म्हणा आईला सांगतेस तसं सांग. मुलं मस्त सांगतात, फक्त कुणी विचारत नाही.

उदाहरण घ्या. इथल्या झूलॉजीत पालीच्या शेपटीवर कित्येक वर्षं काम झालंय, आपल्या भिंतीवरची साधी पिवळट पाल, तिची शेपूट तुटली की परत येते ती कशी येते यावर. त्यातलं एक निरीक्षण असं की कॉक्स-२ नावाचं एन्झाइम औषधाने दाबलं तर शेपूट उगवायचं काम रेंगाळतं. हेच ते एन्झाइम जे काही पेनकिलर गोळ्या आपल्या अंगात दाबतात. आता असं काही लिहायचं असेल तर "पुनरुत्पत्तीविषयक मौलिक संशोधन" लिहू नका. लिहा: "पालीची तुटलेली शेपूट परत येताना सूज आणणारं एक एन्झाइम सुरुवातीला मदत करतं, ते दाबलं तर शेपूट यायला उशीर होतो, असं हिच्या प्रयोगात दिसलं." बस. आजीला कळलं, आणि गाइड मॅडमनी वाचलं तरी त्यांना ओशाळायला होणार नाही.

कॅन्सर शब्द आला की मात्र दोनदा विचारा. प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पेशी मेल्या, उंदरात गाठ लहान झाली आणि माणसाला गुण आला या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पोरांचं काम बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर असतं. "हळदीच्या अर्काने कॅन्सर बरा" असं छापलंत तर उद्या कुणीतरी केमो सोडून हळद खात बसेल. फ्लास्कमधल्या पेशींवर, एवढे दोन शब्द टाकायला जागा लागत नाही.

तसंच "नवीन प्रजाती शोधली" याचं. नवीन प्रजाती म्हणजे जगात पहिल्यांदा नाव दिलेली, त्याला नमुना म्युझियममध्ये ठेवावा लागतो, वर्णन रीतसर छापावं लागतं. पण बरेचदा ती "गुजरातमधून पहिल्यांदा नोंद" असते, म्हणजे प्राणी आधीच माहीत होता, इथे आत्ता दिसला. हेही चांगलंच काम आहे, लाजायचं कारण नाही, पण तसंच लिहा. वढवाणा तलावावर (२०२१ पासून रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे) पक्षीगणनेला गेलेली मुलं असतील तर "गणनेत सहभाग" लिहा, संशोधन लिहू नका. आणि विश्वामित्री नदीतल्या मगरींवर कुणाचं काम असेल तर वनखात्याच्या परवानगीने झालंय का तेही विचारून घ्या, मगर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण, उगाच "नदीत उतरून धाडसाने" वगैरे लिहून पोराला अडचणीत आणू नका.

आता नावांचा क्रम, इथे घराघरात भांडणं होतात. बायोलॉजीच्या पेपरात साधारण पहिलं नाव असतं ज्याने हाताने काम केलं त्याचं, शेवटचं नाव गाइडचं म्हणजे ज्यांची लॅब आहे त्यांचं. मधली नावं मदत केलेल्यांची. चौथं नाव असेल तर "सहलेखक" लिहा, "यांनी शोध लावला" नको. कधी पहिल्या दोघांच्या नावावर खूण असते आणि खाली लिहिलेलं असतं की दोघांचं योगदान सारखं, ती तळटीप वाचा नाहीतर दुसऱ्याची आई फोन करेल.

प्रीप्रिंट, पोस्टर आणि पेपर पण वेगळे. प्रीप्रिंट म्हणजे नेटवर टाकलेला पेपर, जो तज्ज्ञांनी अजून तपासलेला नाही. पोस्टर म्हणजे कॉन्फरन्सला बोर्डावर लावून समजावलं. आणि पैसे भरले की चार दिवसांत छापणारी जर्नल्स आहेत, त्यांच्याकडे डीओआयसुद्धा असतो, म्हणून नंबर आहे म्हणजे दर्जा आहे असं नाही. "यूजीसी अप्रूव्ह्ड" या शिक्क्यावर तर आता जाऊच नका, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्य जर्नल्सची आपली केअर लिस्ट २०२५ मध्ये बंदच केली. शंका आली तर डिपार्टमेंटमधल्याच एखाद्या सीनियरला विचारा, ते एका मिनिटात सांगतात.

परीक्षांचं पटकन सांगतो. सीएसआयआर नेट या देशपातळीवरच्या परीक्षेत लाइफ सायन्सेसमध्ये जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे मिळतात, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर एचआरए म्हणजे घरभाडं. जीसेट ही गुजरातची राज्य पात्रता परीक्षा वेगळी, ती तर आपली एमएसच घेते, पास झालं की गुजरातमध्ये असिस्टंट प्रोफेसरसाठी पात्र, पण फेलोशिप नाही. आणि ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या ९९ जणांच्या पुढे, ९९ टक्के मार्क नव्हेत, हे दरवर्षी कुणीतरी छापतंच.

वेंकी रामकृष्णन यांचा उल्लेख प्रत्येकाला करायचा असतो, करा, पण बरोबर करा. त्यांनी बडोद्यातून बीएस्सी केलं ते फिजिक्समध्ये, १९७१ ला. बायोकेमिस्ट्री डिपार्टमेंटचे प्रमुख होते त्यांचे वडील. पुढे अमेरिकेत फिजिक्समध्ये पीएचडी झाल्यावर ते बायोलॉजीकडे वळले, आणि २००९ चं नोबेल रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र) कामाला, तेही केमिस्ट्रीचं, स्टाइट्झ आणि योनाथ यांच्याबरोबर वाटून. "आपल्या बायोलॉजीचे विद्यार्थी" लिहिलंत की साफ चुकतं.

लिहून झालं की मजकूर मुलीला व्हॉट्सॅपवर पाठवा. थीसिसमधलं अजून न छापलेलं काही त्यात आलं असेल तर ती सांगेल ते काढा, गाइडना विचारल्याशिवाय ते बाहेर जाऊ देऊ नका. आडनाव मराठीत कसं लिहितात तेही तिच्याकडूनच घ्या, इंग्रजीवरून उतरवलं की काळेंचे काले होतात. फोटो शाल-बुकेचा नको, लॅबमधला मागा. आणि प्रूफ आलं की प्राण्याचं शास्त्रीय नाव तिरप्या टाइपात आहे ना ते बघा, प्रेसवाला फॉन्ट बदलतो तेव्हा सगळ्यात आधी तेच सरळ होतं.