"मेंटॉर व्हाल का?" असं विचारू नका, त्याआधी हे करा

आधी माझी फजिती सांगतो. नोकरीत नवा होतो तेव्हा एका सीनियरला भलामोठा मेसेज टाकला होता, सर तुम्ही माझे आदर्श आहात, मला गाइड कराल का, माझे मेंटॉर व्हाल का वगैरे वगैरे. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर काही आलं नाही. तेव्हा जाम राग आला होता, पण आता वाटतं बिचाऱ्याने उत्तर द्यायचं तरी काय? मी वेळ मागत होतो, पण किती आणि कशासाठी ते मलाच माहीत नव्हतं.

तर पहिलं काम म्हणजे अख्खा माणूस आदर्श म्हणून उचलायचा नाही, त्याची एकच गोष्ट उचलायची. भागवतातल्या अवधूताचे २४ गुरू आठवा, त्यात बाण बनवणारा एक कारागीर आहे, कामात इतका बुडालेला की शेजारून राजाची स्वारी गेली तरी याला पत्ता नाही. अवधूताने त्याच्याकडून एकाग्रता तेवढी घेतली आणि पुढे निघाला, आणि गंमत म्हणजे त्या २४ मध्ये कबुतर आणि दिव्यावर झेपावणारा पतंग पण आहेत, ते काय करू नये हे शिकवायला! म्हणून "मला अमक्यासारखं व्हायचंय" असं लिहू नका, "अमका मीटिंगमध्ये कोणी आवाज चढवला तरी शांत राहतो, मला ते जमवायचंय" असं लिहा. एका वेळी एवढंच.

मग निरीक्षण. विचारून फार काही हाती लागत नाही, कारण ज्याला एखादी गोष्ट सहज जमते त्याला ती आपण कशी करतो हे धड सांगता येत नाही, तो म्हणतो "प्रॅक्टिस कर, जमेल." बघितलं की कळतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मॅडम होत्या, त्यांचे मेल लोक नीट वाचायचे आणि माझ्या मेलला कोणी विचारायचं नाही. एकदा त्यांना लिहिताना बघितलं, पूर्ण मेल लिहून झाला, हात थांबला, आणि मग त्यांनी वरची पहिली दोन वाक्यं सरळ उडवली आणि पाठवून दिला. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "हो का? मी असं करते?" त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं!

आदर्श माणूस ओळखीतला नसेल, किंवा हयातच नसेल, तरी चालतं, फक्त त्याच्या मुलाखती ऐकत बसू नका, त्याचं काम घेऊन बसा. अमेरिकेचा पुढे गाजलेला लेखक आणि नेता बेंजामिन फ्रँकलिन पोरगा होता तेव्हा भावाच्या छापखान्यात शिकाऊ होता, त्याने काय केलं तर स्पेक्टेटर नावाच्या नियतकालिकातले आवडलेले लेख घेतले, एकेका वाक्याचं थोडक्यात टिपण काढलं, काही दिवस ते बाजूला ठेवलं, मग फक्त टिपणावरून लेख स्वतःच्या शब्दांत परत लिहिला आणि मूळ लेखाशी ताडून आपल्या चुका सुधारल्या. ही पद्धत कोडिंगला, चित्राला, भाषणाला, कशालाही लागू होते. मधले ते काही दिवस मात्र गाळू नका, लगेच लिहिलं तर ती नुसती पाठांतराची नक्कल होते.

आता जिवंत मेंटॉर कसा मिळवायचा. पुढे विजेवरच्या शोधांमुळे गाजलेला शास्त्रज्ञ मायकल फॅरेडे आधी पुस्तकबांधणीचं काम शिकत होता, १८१२ मध्ये त्याने नामांकित रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची लेक्चरं ऐकली, नोट्स नीट उतरवून काढल्या, त्यांचं पुस्तक बांधलं आणि ते डेव्हीला पाठवलं, आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या लंडनच्या विज्ञानसंस्थेत त्याचाच असिस्टंट म्हणून लागला. म्हणजे हातात काहीतरी केलेलं घेऊन जायचं. तुम्ही अख्खं पुस्तक बांधायची गरज नाही, एक छोटा प्रश्न पुरे, पाच मिनिटांत उत्तर देता येईल असा, आणि सोबत तुम्ही स्वतः काय करून बघितलं ते. सांगितलेलं करून पाहा आणि आठवडाभरात "हे जमलं, इथे अडलं" असं कळवा. बहुतेक लोक इथेच गळतात, सल्ला घेतात आणि गायब! मग पुढच्या वेळी समोरचा का वेळ देईल.

एक सावधगिरी. तोच डेव्ही १८२४ मध्ये रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा अध्यक्ष होता आणि फॅरेडेला सदस्य करून घ्यायला त्याने विरोध केला (तरी फॅरेडे निवडून आलाच). मेंटॉर पण माणूसच, त्याला मत्सर होतो, तो चुकतो, आणि आपल्या यशात नशीब किती होतं हे त्याला स्वतःलाही नीट कळत नाही. म्हणून एकावर विसंबू नका, दोघा-तिघांना विचारा, आणि त्यातला एक तुमच्यापेक्षा फक्त दोन-तीन पायऱ्या पुढे असलेला ठेवा, सुरुवातीला कुठे ठेच लागते ते त्याला ताजं आठवत असतं. आणि कोणी मी सांगतो तसंच कर, दुसऱ्या कोणाला विचारू नकोस असं म्हणायला लागला तर तिथून काढता पाय घ्या.

हो, त्या सीनियरचं सांगायचं राहिलं. दोन वर्षांनी त्यालाच परत मेसेज केला, या वेळी क्लायंटला पाठवायचा एक परिच्छेद दोन तऱ्हांनी लिहून, आणि खाली एवढंच विचारलं की यातला कुठला पाठवू. दहा मिनिटांत उत्तर आलं, "दुसरा. पहिल्यात तू घाबरलेला वाटतोस."