आपल्या गावाचा उन्हाळा खरोखर बदलला आहे का? तापमानाच्या नोंदी वाचण्याची रीत

मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा विदर्भातल्या घराघरांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘असा उन्हाळा आम्ही जन्मात पाहिला नाही’ हे एक आणि ‘आमच्या लहानपणीही असेच तापायचे’ हे दुसरे. दोन्ही मनापासून बोललेली असतात आणि दोन्हींची शहानिशा तापमानाच्या नोंदींवरून करता येते. नागपूर, अकोला, चंद्रपूर किंवा अन्य कोणत्याही गावातल्या चिकाटीच्या माणसाला वही-पेन्सिल आणि चार-सहा सुट्ट्या एवढ्या भांडवलावर हे काम जमेल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. एखाद्या दिवशीच्या तापमानात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: ऋतूचे दरवर्षीचे तापणे, काही वर्षांच्या अंतराने उलटसुलट होणाऱ्या समुद्री चक्रांचा परिणाम आणि दशकानुदशके साचत गेलेली वाढ. ती एकेक करून वेगळी काढावी लागतात, आणि तीही याच क्रमाने.

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९५१ पासूनचे रोजचे कमाल आणि किमान तापमान विनामूल्य मिळते. ते एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांशाच्या चौकोनांत, म्हणजे साधारण शंभर ते एकशे दहा किलोमीटर बाजूच्या पट्ट्यांत, मांडलेले असते. त्यामुळे त्यातून गावापेक्षा परिसराचे चित्र दिसते. गावात वेधशाळा असेल तर तिच्या नोंदी अधिक मोलाच्या. मात्र ती कधी दुसऱ्या जागी हलवली का आणि तिच्याभोवती पूर्वीची मोकळी जमीन उरली आहे का, याची चौकशी अवश्य करावी. एकट्यादुकट्या विक्रमी आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली; तपासणीअंती तेथील संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले. शेजारच्या केंद्रांशी आकडा ताडून पाहिला असता तर ही शंका पहिल्याच दिवशी आली असती.

आता ऋतूचा भाग बाजूला काढू. नागपुरात सूर्य मेच्या शेवटच्या आठवड्यात बरोबर डोक्यावर येतो, आणि याच सुमारास, २५ मेपासून, सूर्य रोहिणी नक्षत्रात असताना आपल्याकडे नवतपा, म्हणजे सर्वाधिक तापाचे मानलेले नऊ दिवस, पाळला जातो. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले हे निरीक्षण अगदी योग्य जागी बोट ठेवते. समुद्रापासूनचे अंतर, वायव्येकडून येणारे कोरडे वारे आणि ओल संपलेली जमीन ही विदर्भाच्या रखरखीची कारणे आहेत. जमिनीत ओल असते तेव्हा उन्हाची बरीचशी ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. ओल नसली की तीच ऊर्जा हवा तापवते. म्हणूनच वळवाची एखादी दमदार सर तापमान चार-पाच अंशांनी उतरवू शकते. यावरून पहिला नियम निघतो: एप्रिलची तुलना मेशी करू नये, २० मेची तुलना इतर वर्षांच्या २० मेच्या सरासरीशी करावी. प्रत्यक्ष तापमानातून त्या तारखेची सरासरी वजा करून जो फरक उरेल तोच वहीत लिहावा.

उष्णतेच्या लाटेची सरकारी व्याख्याही याच फरकावर बेतलेली आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल तर लाट मानली जाते, आणि सरासरी काहीही असली तरी ४५ अंशांना लाट व ४७ अंशांना तीव्र लाट. विदर्भात मेअखेरची सरासरीच बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात असल्याने तिच्यावर साडेचार अंश चढणे दुर्मीळ. तेथे ही दुसरी अटच बहुधा कामी येते. किनाऱ्यावर मर्यादा ३७ अंशांची आहे.

येथे एक फसगत होते आणि ती जाणकारांचीही होते. ‘सरासरी’ हा शब्द स्थिर वाटला तरी ती दर दहा वर्षांनी बदलली जाते; सध्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी वापरात आहे. तीच जर अगोदरच्या तीस वर्षांपेक्षा उष्ण असेल तर आजचा फरक आपोआप लहान दिसतो. दीर्घकालीन बदल शोधायचा असल्यास एकच जुना कालखंड, उदाहरणार्थ १९६१ ते १९९०, ठरवून घ्यावा आणि शेवटपर्यंत त्याच्याशीच तुलना करावी.

दुसरा टप्पा समुद्री चक्राचा, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. विषुववृत्ताजवळच्या मध्य व पूर्व प्रशांत महासागराचे पाणी दर दोन ते सात वर्षांनी नेहमीपेक्षा गरम होते, तो एल निनो; थंड होते, तो ला निना. एल निनो बहुधा हिवाळ्यात कळसाला पोहोचतो आणि त्याची धग आपल्याला पुढच्या उन्हाळ्यात जाणवते. म्हणून वहीत वर्षांचे दोन गट करावेत: १९९८, २०१०, २०१६, २०२४ हे एल निनोनंतरचे उन्हाळे एका रकान्यात, आणि २०००, २००८, २०११, २०२१, २०२२ हे ला निनाच्या प्रभावाखालचे दुसऱ्यात. मग एल निनोच्या उन्हाळ्याची तुलना केवळ एल निनोच्या उन्हाळ्याशी आणि ला निनाच्या उन्हाळ्याची ला निनाच्याच उन्हाळ्याशी करावी. १९९८ साली आरंभ करून २००८ साली थांबणारा माणूस ‘तापमानवाढ थांबली’ असे म्हणेल, आणि २००८ ला सुरुवात करून २०१६ ला थांबणारा ती भलतीच वेगवान असल्याचे सांगेल. दोघांनीही चक्रालाच कल समजण्याची चूक केलेली असेल.

रकाने वेगळे केल्यावर काय दिसते, याचे जागतिक उदाहरण डोळे उघडणारे आहे. १९९८ चे वर्ष बलाढ्य एल निनोमुळे तोवरचे सर्वांत उष्ण ठरले होते. परंतु २०२१ आणि २०२२ ही दोन्ही वर्षे थंडावा देणाऱ्या ला निनाची असूनही त्याहून उष्ण निघाली. भारतातही २०२२ चा मार्च, ला निना चालू असताना, सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबाने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. चक्र उलट दिशेने ओढत असताना विक्रम मोडतो तेव्हा ओढणारे दुसरे काहीतरी आहे, हे मान्य करावेच लागते.

तिसऱ्या टप्प्यात प्रत्येक दशकाच्या फरकांची सरासरी काढून ती आलेखावर मांडावी. दहा वर्षांत एल निनो व ला निना बऱ्याच अंशी एकमेकांना फेडून टाकतात. देशपातळीवर १९०१ ते २०१८ या काळात सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले आहे. सूर्यावरील डागांचे अकरा वर्षांचे चक्र यामागे असावे असे कोणी सुचवील, पण त्याचा परिणाम जेमतेम एक दशांश अंशाचा असतो आणि तो वर-खाली होत राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड मात्र औद्योगिक युगापूर्वीच्या दशलक्षांत २८० भागांवरून ४२० च्या पुढे गेला आहे, आणि तो एकाच दिशेने वाढतो आहे.

हे सर्व कमाल तापमानाबरोबर किमान तापमानासाठीही करावे. दिवसा तापलेले शरीर रात्री निवले नाही तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक बाधते, आणि सिमेंट-डांबराच्या शहरात रात्रीच निवत नाहीत. कोकणातील वाचकांनी आर्द्रतेचा रकाना वाढवावा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, त्या दिवशी पारा चाळिशीच्या खालीच होता.

स्वतःच्या नोंदी सुरू करायच्या असतील तर तापमापक गच्चीवर किंवा कुलरजवळ टांगू नये. पांढरा रंग दिलेल्या, झडपांच्या लाकडी पेटीत, मोकळ्या मातीवर, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर तो ठेवावा आणि पेटीचे दार उत्तरेकडे असावे, म्हणजे उघडताना ऊन आत शिरत नाही. किमान तापमान सकाळी ८.३० वाजता आणि कमाल सायंकाळी ५.३० वाजता टिपावे. एखादा दिवस चुकला तर रकाना कोरा सोडावा. अंदाजाने भरू नये.