ट्रान्सॅक्सल कसा चालतो, हे चाक फिरवून कसं पाहावं

अ‍ॅम्बेसेडरखाली वाकून पाहिलं की पुढच्या गिअरबॉक्सकडून मागच्या डिफरन्शियलकडे गेलेला लांब शाफ्ट दिसायचा. डिफरन्शियल म्हणजे दोन्ही चाकांना जोर देऊनही त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये तो नव्हता. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्ही पुढे, एकाच पेटीत. हाच ट्रान्सॅक्सल. मला तो आकृत्यांपेक्षा हाताने चाक फिरवल्यावर समजला.

आधी जोर कसा जातो ते बघू. क्लचमधून इनपुट शाफ्ट, टाकलेल्या गिअरची जोडी, मग आउटपुट शाफ्ट. त्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक मोठ्या रिंग गिअरला फिरवतं. इथे वेग साधारण चौपटीने कमी होतो. इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे हे शाफ्ट एक्सलला समांतर असतात, म्हणून अ‍ॅम्बेसेडरसारखी काटकोनात दिशा बदलावी लागत नाही. रिंग गिअर डिफरन्शियलच्या घराला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, पक्का बसवलेला असतो.

आता प्रयोग. पुढच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गिअरची गाडी सपाट जागी घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर हे करू नका. इंजिन बंद, किल्ली खिशात.

पहिला गिअर टाका आणि डावं चाक पुढे फिरवा. उजवं उलटं फिरेल! बंद इंजिनाने रिंग गिअर अडवून धरलाय, त्यामुळे घर स्थिर आहे आणि आतले छोटे गिअर जागच्या जागी फिरून एका बाजूची गती दुसरीकडे उलटी पोचवतात.

मग न्यूट्रल करा, कुणाला तरी उजवं चाक घट्ट धरायला सांगा आणि डावं दोन फेरे फिरवा. आतलं घर एकच फेरा फिरलं. चिखलात एक चाक गरगरतं आणि दुसरं ढिम्म राहतं, ते असं. वळणावर मात्र हीच सोय कामी येते: चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर यू-टर्नला बाहेरचं चाक सुमारे ४.४ मीटर जास्त धावतं.

बहुतेक मॅन्युअल ट्रान्सॅक्सलमध्ये गिअर आणि डिफरन्शियल एकाच ऑइलवर चालतात. चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलपाशी ओल दिसली तर दुरुस्ती लांबवू नका. ऑइल बदलताना भरायचा बोल्ट आधी सैल करा, मगच खालचा काढा. ऑइल सांडून गेल्यावर वरचा बोल्ट निघालाच नाही, तर गाडी तिथेच अडकते.